दहावर ठेवलेलं बटण

इलेक्ट्रिक गिटारवर आवाजाचं एक बटण असतं आणि त्याच्या खाली टोनचं एक, सूर तिखट का मऊ ते ठरवणारं. आवाजाचं बटण कशाला असतं ते कुणालाही कळतं. टोनचं बटण वाजवणारे खरंच वापरतात, का ते नुसतं शोभेला असतं, हा प्रश्न आमच्या घरात एवढा पेटला की मला नवऱ्याशी लबाडी करावी लागली. करावी लागली म्हणते खरी, पण मजा आली हो. खोटं कशाला बोलू?

आमचे हे महाडच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. जन्म त्या घरघरीत गेला. सुट्टी मिळाली की बेंजो पार्टीत गिटार वाजवायला पळायचे. कुणाची हळद असो, कुणाचा साखरपुडा, टेम्पोच्या मागे बसून पार वरंधपर्यंत जायचे. आता निवृत्त झाले, पार्टी पोरांच्या हातात गेली, पण गिटार काही सुटली नाही. रोज सकाळी चहा झाला की पोलादपूरच्या आमच्या घराच्या ओटीवर बसतात, स्पीकरला वायर जोडतात आणि सुरू होतात. आवाजाचं बटण खालीवर करतात, टोनचं मात्र कायम दहावर. आणि दहावर म्हणजे काय, तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं! शेजारी माझी धाकटी जाऊ राहते. गिटार सुरू झाली की ती आधी खिडकी लावून घेते. आमची मांजर तर वायर बघूनच उठते आणि परसात जाऊन बसते.

मी म्हणायची, "अहो, ते खालचं बटण जरा कमी करा की."

"त्याला हात लावायचा नाय," हे म्हणायचे. "सगळा जीव त्याच्यात हाय. एक आकडा हलला तरी मला कळतं. कलाकाराचे कान हायत हे."

कलाकाराचे कान! कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन डाळ करपली तरी ह्या कानांना पत्ता नसायचा. धाकटी "दादा, दादा" म्हणून अंगणातून ओरडायची आणि हे पेपर वाचत बसलेले. तिथवर मी हसून सोडून देत होते. पण एका सकाळी हे दूध घेऊन हायवे ओलांडत होते, मागून डंपर हॉर्न वाजवत आला आणि ह्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या चहावाल्याने धावत येऊन बाजूला ओढलं म्हणून बरं. दूध सांडलं तेवढंच. त्या दिवसापासून मी एकच धोशा लावला, महाडला कानाच्या डॉक्टरकडे चला. आणि ह्यांचं एकच उत्तर, "ज्याला टोनमधला फरक कळतो त्याचे कान तपासायचे?"

म्हणजे बघा, सगळं येऊन त्या बटणावर अडलं.

मी चौकशीला लागले. पार्टीतली पोरं ह्यांना भेटायला येतात, त्यांना चहा देता देता विचारलं, "काय रे, हे टोनचं बटण तुम्ही फिरवता का कधी?" एक म्हणाला, "आजी, त्याला कोण हात लावतो? फुल ठेवायचं नि विसरून जायचं. बाकी सगळं पायाखालच्या पेडलवर." दुसरा जरा शहाणा निघाला. तो म्हणाला, "मी फिरवतो. गाणारी बाई सुरू झाली की टोन खाली घेतो, म्हणजे तिचा आवाज वर येतो. तेवढी लाज ठेवायला लागते." मला हा दुसरा फार आवडला. त्याला चहाबरोबर चकली दिली.

आणि हे कुठल्या जातीतले? तर मी नीट बघितलं. हे वाजवताना मधेच डोळे मिटायचे, करंगळी त्या बटणावर ठेवायचे आणि मान डोलवायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढं बारीक काम चाललंय. पण बटण हलायचं नाही! देवाच्या पायांना हात लावावा तसा नुसता हात लावायचे.

मग मी पैज घातली. मी बटण फिरवणार, ह्यांनी न बघता वाजवायचं आणि कमी केलं का जास्त ते सांगायचं. चुकले तर महाड. धाकटी साक्षीदार. हे छाती काढून ओटीवरच्या खुर्चीत बसले, मान पलीकडे टीव्हीकडे वळवली आणि काय सांगू, प्रत्येक वेळी बरोबर! "कमी केलंस. आता जास्त. आता हातच लावला नायस, उगाच नाटक करतेस." मी गारच पडले. स्वतःवर शंका यायला लागली.

धाकटी मला स्वयंपाकघरात ओढून कानात म्हणाली, "बाय गो, तुझं लक्ष कुठं हाय? टीव्ही बघ ना!"

"टीव्ही तर बंद हाय."

"बंद हाय म्हणूनच तर! काळ्या काचेत तुझा हात दिसतो त्यांना."

अशी लबाडी! आता मला सांगा, ह्याच्यावर गप्प बसणारी बाई असेल का कुठं?

तेवढ्यात दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे कोयते, विळी, शिवणाचं मशीन आणि ही गिटार, सगळं पुसून झेंडूची फुलं वाहून पुजायचं. पुसायचं काम अर्थातच माझं. आदल्या दिवशी गिटार मांडीवर घेतली, तर बटणांच्या कडेला कळकट मळ. गॅसच्या शेगडीची बटणं मी उपसून धुते, तशी ही पण उपसली. निघाली की टचकन! धुतली, पुसली आणि बसवायला गेले तेव्हा ध्यानात आलं. शेगडीच्या बटणाखालच्या दांडीला एक बाजू चपटी असते, तिचं बटण एकाच तऱ्हेने बसतं. गिटारीच्या दांडीला सगळीकडून बारीक दाते. बटण कसंही बसवा, बसतं.

मी इकडेतिकडे बघितलं. दांडी पकडीने हलकेच धरून पार खालच्या टोकापर्यंत फिरवली, म्हणजे टोन शून्य. आणि बटण त्याच्यावर असं दाबलं की वर आकडा दहा. हळदकुंकू लावलं. वर फूलही वाहिलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर ह्यांनी गिटार उचलली. बटणाकडे बघितलं, दहा. खूश. आणि वाजवायला लागले तर आवाज कसा, गोधडीत गुंडाळल्यासारखा! मऊ, जाड, लांबून आल्यासारखा. मी दाराआड उभी. ह्यांच्या कपाळावर आठी नाही. पलीकडे धाकटीची खिडकी उघडली, तिने डोकं बाहेर काढलं आणि मला हातानेच विचारलं, काय झालं? मी तोंडावर बोट ठेवलं.

मांजर घरात आली आणि चक्क ओटीवर झोपली.

आता पंचाईत अशी की सगळेच सुखी झाले. धाकटी म्हणाली, "बाय, राहू दे गो असंच. डॉक्टरबिक्टर कशाला?" माझाही मोह झाला. पण हे दूध आणायला निघाले की मी दारात उभी राहायची आणि हायवेपलीकडे पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. गोड गिटार घेऊन काय करू?

पुढच्या रविवारी कापड्याला धाकटीच्या भाचीचा साखरपुडा होता. दुपारची वेळ, मांडव भरलेला. पोरांनी ह्यांना मानाने बोलावलं, ह्यांनी एक संथ गाणं घेतलं. मधेच डोळे मिटले आणि करंगळी निघाली बटणाकडे. मी धाकटीचा दंड घट्ट धरला. कारण दांडी खालच्या टोकाला टेकलेली, आता बटण खाली फिरणारच नव्हतं. जरा फिरवून बघितलं असतं तर चोरी तिथल्या तिथे पकडली गेली असती. पण नाही. करंगळी ठेवली, मान डोलवली, करंगळी उचलली.

जेवताना जो तो येऊन सांगत होता, "काका, आज काय गोड वाजवलंत!" हे म्हणतात, "टोन! सगळी टोनची कमाल. दहावर ठेवावा लागतो."

घरी आल्यावर मी धाकटीला बोलावलं, गिटार ह्यांच्या मांडीवर ठेवली आणि बटण ह्यांच्यासमोर टचकन उपसलं. "बघा. हा तुमचा दहा, आणि ही खाली दांडी, शून्यावर. दसऱ्यापासून."

ह्यांनी बटण हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "फसवलंस."

"टीव्हीच्या काचेत बघून तुम्ही काय केलंत मग?"

मान खाली घातली, पण ओठ हसत होते. शर्टाची बटणं काढत म्हणाले, "उद्या सकाळची महाड गाडी किती वाजता हाय?"

डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं. ह्यांनी घरी येऊन आधी गिटार काढली. मी तोवर बटण जसं हवं तसं बसवून ठेवलं होतं, दहा म्हणजे खरंच दहा. ह्यांनी एकच तार छेडली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अगो, असं वाजवत होतो मी? इतकी वर्षं? नि तुम्ही कुणी सांगितलं नाय मला!"

खिडकीतून धाकटी ओरडली, "सांगत होतो की, दादा! ऐकू कुणाला येत होतं?"

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. पहिल्या हाकेला बघितलं. मग खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ केली, बटण धरलं आणि हळूहळू खाली आणत गेले, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा जरा खाली. कुठल्या आकड्यावर थांबले ते मी बघायला गेले, तर ह्यांनी वर तळहात ठेवला.

"आकडा कशाला बघतेस?" म्हणाले. "ऐक."