उशिरा टाकलेलं पत्र

बी.एस्सी.ला दाक्षायणी कॉलेजात पहिली आली होती, नीलांबिका दुसरी. पुढं दाक्षायणीचं लग्न झालं आणि ती सोलापुरातच मुलींच्या शाळेत बीजगणित शिकवू लागली. नीलाचे वडील मात्र म्हणाले, "शिक, हवं तितकं शिक." ती मुंबईला अणुसंशोधनाच्या एका संस्थेत लागली. पहिली कोण आली होती, हे आता दाक्षायणीखेरीज कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

शहात्तरच्या दिवाळीत नीला सोलापूरला घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन दाक्षायणीच्या दारात उभी राहिली. सासूबाई शिवम्मा तिचं कौतुक करता थकेनात. "मुंबईत एकटी ऱ्हाती! लई हुशार पोरगी हाय की." आत चहा गाळताना दाक्षायणीच्या हाताला चटका बसला.

"हे बघ ना गं," नीलानं गठ्ठा उलगडला. "गोल नळीतून कणांचा झोत फिरवायचं यंत्र आहे. अजून बांधलं नाही, नुसतं कॉम्प्युटरवर चालवून बघतोय. एखादं चुंबक केसभर जरी वाकडं बसलं तरी झोत मधली वाट सोडतो. मग वाटेवरच्या छोट्या चुंबकांनी त्याला परत मध्ये ढकलायचं. कुठलं चुंबक झोताला कुठं किती सरकवतं, त्याचा हा तक्ता. पण दुरुस्ती केली की झोत जास्तच भरकटतो. तीन महिने डोकं फोडतेय."

"ठेवून जा. बघते," दाक्षायणी तुटकपणे म्हणाली.

दुपारी घर निजल्यावर ती तक्ता घेऊन बसली. प्रत्येक छोट्या चुंबकाशेजारी झोत मोजायची एक जागा होती, आणि सगळं वर्तुळ एकसारखं होतं. म्हणजे तिसऱ्या चुंबकाचा सातव्या जागेवर जितका परिणाम, तितकाच सातव्याचा तिसऱ्यावर व्हायला हवा. तक्त्यात तसं नव्हतं. लॉगची पुस्तिका काढून तिनं चार आकडे स्वतः केले आणि चूक हाती लागली. मोजायची जागा चुंबकाच्या अलीकडं आली की प्रोग्राम अंतर उणे धरत होता. सरळ रस्त्याला अलीकडं-पलीकडं असतं. इथं झोत फिरून पुन्हा तिथंच येतो. ते उणे चिन्ह काढलं की झालं!

आनंदानं तिला बसवेना. पण लगेच मनात आलं, नाव होणार ते नीलाचंच.

संध्याकाळी नीलानं परत येऊन विचारलं, "काही सापडलं?"

"न्हाय बाई. मला यातलं काय कळतंय?"

"असू दे गं," नीला मायेनं म्हणाली. "तुझा सराव सुटलाय."

नीला मुंबईला परतली. सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दाक्षायणीनंच बांधून दिली. पण 'सराव सुटलाय' हे तिला कुसळासारखं टोचत राहिलं. आठव्या दिवशी, कळवळ्यापेक्षा रागानंच, तिनं सगळी चूक पत्रात लिहून टाकली. खुशालीचा एक शब्दही लिहिला नाही.

उत्तर आलं. "तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. त्याआधी मंगळवारीच आमच्या एका सहकाऱ्याला हेच सापडलं होतं. दोन दुरुस्त्यांत झोत मध्ये आला. शोधनिबंधात त्याचं नाव जाईल. पण दक्षा, तू हे नुसत्या कागदावरून काढलंस? त्या दिवशी दिसलं नव्हतं का गं?"

"काय म्हणतीय मैत्रीण?" नवऱ्यानं, शिवयोगीनं विचारलं.

"काम झालं म्हणे तिचं."

दाक्षायणीनं दोनदा उत्तर लिहायला घेतलं. 'दिसलं होतं' एवढंच लिहायचं होतं, पण हात चालेना. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी नीला आली. ती घरी येणार हे माहीत असूनही दाक्षायणी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून राहिली. घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती.

"लई वाट बघितली गं तिनं," शिवम्मा म्हणाल्या. "तुला कायतरी इच्यारायचं होतं म्हणं."