दोन केमोंमधली दाढी

बाळांनो, आज चहा देताना आजोबांच्या हनुवटीवर पांढरे खुंट दिसले. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. पोटातल्या गाठीवर मारा करताना दाढीही गेली होती. मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. दाढी उगवतेय, तर गाठही वाढत असेल का?

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आजी, निरोगी पेशी लवकर सावरतात, रोगट पेशींना वेळ लागतो. त्या सावरायच्या आत आपण पुढचा डोस देतो."

मार एकच, पण उठण्याचा वेग निराळा! त्या मधल्या रिकाम्या दिवसांतही उपचार चालूच असतो तर.

"अहो, दाढी करून घ्या. सोमवारी डोस आहे."

हनुवटी चोळत आजोबा म्हणाले, "पुन्हा जायचीच आहे ना? मग राहू दे की तोवर."