शनिवारचा झाडू

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर मला चैन पडायची नाही!

शहाऐंशीत मी न्यू जर्सीत शिकत होते आणि दर शनिवारी एका जपानी शाळेत इंग्रजी शिकवायचे. जपानी कंपन्यांतल्या लोकांची मुलं, नुकतीच अमेरिकेत आलेली. एकदम गोड! शाळा सुटली की सगळी डोक्याला रुमाल बांधून वर्ग झाडायची, पुसायची. कुणाची झाडायची टर्न कधी, पुसायची कधी, त्याची भिंतीवर यादी. त्यात टीचरसुद्धा.

माझी टर्न आली. आठ वर्षांच्या एका मुलीनं दोन्ही हातांनी झाडू पुढे केला. आणि माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

कारण बाबा. त्यांच्या गावच्या शाळेत झाडायचं फक्त आमच्या वस्तीतल्या पोरांनी. बाकीची बसून बघायची. मी निघाले तेव्हा विमानतळावर बाबा एवढंच बोलले होते, "शाळेत कुणी झाडू दिला तर घेऊ नको."

"टीचर, सिक?" मुलीनं विचारलं. तिनं माझा भागही झाडून टाकला.

हेडमास्तर गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. फडकं पिळत हळूच म्हणाले, "तुमचं नाव यादीतून काढू का? पुढच्या शनिवारी सांगा." रागावले असते तर बरं झालं असतं, यार!

तिकडे आमच्या घरी फोन नव्हता. बाबांना शेजारच्या काकूंकडे बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"हेडमास्तर पुसतो? स्वतः?"

"हो."

"अन् बसून कोण असतं तिथं?"

"कुणीच नाही, बाबा."

"तुझं नाव काढल्यावर?"

"मग बसलेली मी एकटीच."

मागे काकूंचा कुकर शिट्ट्या देत होता.

"मग घे बाई झाडू," शेवटी म्हणाले. "अन् कोपरे सोडू नको. घरी सोडायचीस."

शनिवारी त्या मुलीनं जरा संशयानंच झाडू दिला. मी झाडायला लागले, तर ती मागून येऊन म्हणते कशी, "टीचर, कॉर्नर!" हसूच आलं मला. पण वाकताना पाठ थोडी ताठ होती, खोटं कशाला बोलू?

तुमचं झालंय का असं? घरून जपून आणलेली एखादी गोष्ट आपल्याच हातानं खाली ठेवावी लागलीय?