दाराबाहेर आलेली धुरी

बातमी सोजरबाईंनी दिली. सकाळचे साडेआठ वाजले असतील. लातूरच्या माझ्या स्वयंपाकघरात, थालीपिठात मीठ घातलं की नाही या विचारात मी उभी होते, आणि नांदेडहून फोन आला. "बाई, उजूताई गेल्या," त्या म्हणाल्या. आणि त्याच दमात विचारलं, "वड्या सकाळीच उन्हात घातल्यात. काल ताईंनीच मळलेल्या. काढू का राहू देऊ?" उजू झोपेतच गेली होती. नवऱ्याने चहाला हाक मारली, ती उठली नाही, तेव्हा कळलं. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. मी म्हटलं, "राहू द्या. नीट वाळू द्या." फोन ठेवला आणि ओट्याला टेकून रडले.

आता दीड महिना होत आला. उजू म्हणजे उज्ज्वला, माझी मुदखेडच्या शाळेपासूनची मैत्रीण. मी लातूरला रसायनशास्त्र शिकवत राहिले. तिने नांदेडच्या कचेरीत कारकुनी केली, आणि पन्नाशी उलटल्यावर ती सोडून घरात लावायच्या धुपाच्या वड्यांचा व्यवसाय काढला. मला उदबत्तीच्या वासानेसुद्धा शिंका येतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी पहिली वडी तिने माझ्याच नाकाखाली पेटवली. मी सलग अकरा वेळा शिंकले. तिने मोजल्या आणि म्हणाली, "जोर हाय म्हणायचा मालात." तिच्याबद्दल गंभीरपणे लिहायचं मी ठरवलं होतं, पण तिची आठवण आली की आधी हसूच येतं, त्याला मी तरी काय करू!

तरीही एक गोष्ट आधी सांगून टाकते, कारण ती न सांगता पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही. माझ्या मुलीच्या वेळी मी माहेरी, मुदखेडला होते. न्हाऊ घालायला सोजरबाई यायच्या. तेव्हा त्या ऐन तिशीतल्या, हाताने दणकट आणि तोंडाने त्याहून. बाळाची आणि माझी अंघोळ झाली की त्या गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद, शेपा, ओवा, वावडिंग आणि लसणाच्या साली टाकायच्या, टोपलं उपडं घालायच्या आणि माझे ओले केस त्याच्यावर पसरायच्या. ही आमच्याकडची बाळंतिणीची धुरी. एके दिवशी ती चालू असतानाच उजू आली. तिच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, पुढेही झालं नाही. माझ्या आईने तिला दारातच गोड बोलून अडवलं, "उजू, तू जरा ओसरीवर बस गं. आत धुरी चाललीय." का अडवलं ते आईला कळत होतं, मला कळत होतं आणि उजूलाही. मी बाजेवर पडल्यापडल्या गप्प राहिले. नंतर उजूने बाळाला मांडीवर घेतलं, पायातले वाळे वाजवले, खूप हसली. त्या दिवशी मी एक शब्द बोलायला हवा होता.

तो विषय उजूने कधीच काढला नाही. काढला तो एकदम पंचवीस वर्षांनी, आणि तोही कसा? मला म्हणते, "तुझ्या धुरीत त्या दिवशी शेपा लई पडल्या होत्या. ओसरीवर बसून मी एकेक वास ओळखला." झालं होतं असं की सोजरबाईंचं काम बंद पडलं होतं. बाळंतपणं दवाखान्यात गेली, बाळाला धूर देऊ नका असं डॉक्टर बजावू लागले, आणि न्हाऊ घालणाऱ्या बायका घरी बसल्या. मला वाटलं, उजू आता डॉक्टरांच्या नावाने खडे फोडणार. पण ती म्हणाली, "डॉक्टरचं बरोबरच हाय की. लेकराच्या नाकात धूर कशाला? बाळाला नगं, घराला देऊ." तिच्या व्यवसायाचा पाया म्हणजे हे एवढं वाक्य. मुदखेडच्या मळ्यांतली, बाजारात न गेलेली गुलाब-झेंडूची फुलं वाळवून कुटायची, त्यात धुरीचं सामान घालायचं, वड्या थापायच्या, आणि हे काम फक्त न्हाऊ घालणाऱ्या बायकांनीच करायचं, असं तिने ठरवून टाकलं.

पहिला घाणा तिने नांदेडच्या नव्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढला. वास जिन्यातून खाली गेला आणि तासाभरात तळमजल्यावरच्या दोन बायका डिंकाचे लाडू घेऊन दारात हजर. "सून बाळंत झाली का हो? काय झालं?" दुसरी एखादी असती तर तिने दार लावून घेतलं असतं. उजूने डबा घेतला आणि म्हणाली, "हाव, झाली की! पोरगी हाय. रंगानं काळी हाय, पण वास लई गोड." मग त्यांना आत नेऊन सुपात वाळत घातलेल्या वड्या दाखवल्या. त्या बायका आधी ओशाळल्या, मग अशा हसल्या की चहा सांडला. बाराव्या दिवशी उजूने खरोखर बारसं केलं. मी लातूरहून बसने गेले. खेळण्यातल्या पाळण्यात वड्यांचा डबा होता, घुगऱ्या होत्या, आणि सोजरबाईंनी डब्याला तोंड लावून "कुर्रर्र" केलं. नाव ठेवलं 'धुरी'. त्या गोंधळात उजू हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बये, माझ्या नावानं कुणी डिंकाचे लाडू आणले ते आयुष्यात पहिल्यांदाच."

मी शास्त्राची बाई, म्हणून प्रमाण बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेतला जुना तराजू घेऊन गेले. सोजरबाईंची मूठ वेगळी, देगलूरच्या नरसाबाईंची वेगळी. त्या निम्मं तेलुगूत बोलायच्या आणि कडुनिंबाचा पाला घातल्याशिवाय धुरीला धुरी म्हणायच्या नाहीत. दोन दिवस मी वजनं लिहून घेतली आणि तिसऱ्या दिवशी वैतागले. उजूने तराजू पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "जिची मूठ, तिचं नाव पुडक्यावर," ती म्हणाली. त्या नावासाठी सोजरबाई साठीनंतर लिहायला शिकल्या. प्रत्येक पुडक्यावर निळ्या पेनाने स्वतः नाव लिहायच्या आणि ते फुंकर घालून वाळवायच्या. मी उजूला विचारलं, "आणि तुझं नाव कुठंय?" "मी कुठं कुणाला न्हाऊ घातलंय?" ती म्हणाली आणि हसली. पण त्या वेळी हसायला तिला जरा उशीर लागला, हे माझ्या लक्षात राहिलंय.

मग पुण्याचा एक मोठा व्यापारी आला. माल त्याला मनापासून आवडला होता, फक्त लसणाच्या साली काढा आणि बायकांची नावं काढा, एवढंच त्याचं म्हणणं. नावाच्या जागी राजवाड्याचं चित्र टाकू, म्हणाला. ती मागणी मिळाली असती तर आणखी कितीतरी बायकांना काम लागलं असतं, त्यामुळे उजू दोन दिवस जेवली नाही नीट. तिसऱ्या दिवशी तिने त्याला सोजरबाईंसमोर नेऊन बसवलं. सोजरबाईंनी विचारलं, "दादा, तुमाला न्हाऊ कोनी घातलं?" त्याला माहीत नव्हतं. उजू म्हणाली, "आईला फोन लावा की." त्याने खरंच लावला. पलीकडून म्हातारीने नाव तर सांगितलंच, शिवाय ती बाई कुठल्या गल्लीत राहायची, तिला जाताना काय दिलं, तेही सांगत बसली. मागणी त्याने दिली नाहीच. पण त्याच्या आईला मात्र तेव्हापासून दर महिन्याला दोन डबे जातात, आणि नाव सोजरबाईंचंच पाहिजे असं तिचं बजावणं असतं.

गेल्या आठवड्यात मी नांदेडला गेले होते. उजूने पुढे कामासाठी घेतलेली शेड चालू आहे. बायका वड्या थापत होत्या, आणि उजूची खुर्ची कुणी हलवली नव्हती. सोजरबाईंजवळ बसले आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं, की त्या दिवशी मी आईला काहीच बोलले नाही. सोजरबाई वडी थापत म्हणाल्या, "तुमी न्हाई बोलल्या, हाव. पर दार मी उघडंच ठेवलं होतं की. तुमची आई लावाया लागली, तर म्हनलं धूर कोंडतोय. उजूताईपतोर वास जावा म्हनून." मग त्यांनी फळीवरून एक पुडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. ती गेली त्या सकाळी वाळत घातलेल्या, उजूने मळलेल्या वड्या. पुडक्यावर निळ्या पेनाने, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं... 'उजूताई'. "तिचीच मूठ हाय," सोजरबाई म्हणाल्या. "मग नाव कुनाचं घालू?"

काल संध्याकाळी त्यातली एक वडी मी घरात लावली. चार शिंका आल्या, म्हणजे सवय होत चालली म्हणायची. शेपांचा वास आला आणि मी उठून फ्लॅटचं दार सताड उघडं केलं. धूर जिन्यात गेला. थोड्या वेळाने समोर नव्याने राहायला आलेल्या वहिनी उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. भोकरकडच्या आहेत. पदराला हात पुसत, हसऱ्या तोंडाने त्यांनी विचारलं, "ताई, लेक बाळंतपणाला आलीय का? काय झालं?"

"मुलगी," मी म्हटलं.

"अगं बाई! नाव काय ठेवलं?"

"उजू," मी म्हटलं. "या ना आत. दार उघडंच आहे."