डोहाळ्याच्या चकत्या

महालामागच्या कुंभारांच्या गल्लीत शामलाबाईच्या हातच्या माठाला तोड नाही, अन् तिच्या तोंडालाही नाही. सून वैभवीला दिवस गेले तशी बाई हवेतच होती. "आमच्या सुनेचे डोहाळे तर पाहा वं! चिंच नाही, बोर नाही, माती मांगते माती! कुंभाराचं लेकरू आहे ना पोटात!" हे तिनं गल्लीत ज्याला त्याला ऐकवलं.

वैभवी ओल्या माठाचा वास घेत बसायची. नुसत्या वासावर भागलं असतं तर बोलायचं कारण नव्हतं. पण शामलाबाईचं कौतुक ते! तिनं माती गाळली, बोटाएवढ्या चकत्या थापल्या, माठांसोबत भट्टीत भाजल्या अन् डबा भरून सुनेच्या उशाशी ठेवला. सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्यांनी वैभवीला मळमळायचं. "राहू दे वं मंग," सासू म्हणाली, "आमच्या टायमाले कुठं होत्या गोळ्या? माहा रोशन झालाच ना धडधाकट!" सून पिवळी पडत गेली, जिना चढली की धापा टाकायची. पोटुशी बाई अशीच दिसते, म्हणे.

दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात वैभवीला रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली, पण एवढीशी, की रडायलाही ताकद नाही. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. एका बाजूला शामलाबाई, दुसऱ्या बाजूला रामटेकहून धावत आलेली वैभवीची आई, प्रेमलताबाई.

"लेकरू जगेल, पण फार जपावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त इतकं कमी कसं गं? गोळ्या सोडल्या होत्या? माती-खडू खात होतीस का?"

"माती," वैभवी पुटपुटली.

"अगं, माती खावीशी वाटणं हीच बरेचदा रक्त कमी असल्याची खूण असते. तेव्हाच यायचं होतं! वरून मातीच खाल्ली, मग अन्नातलं लोह अंगी लागणार कसं? लेकराला मिळणार कुठून? कोण देत होतं माती?"

शामलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी खूण पाहून घाबरायचं, ती आपण गल्लीभर मिरवली! नखांतली माती दिसू नये म्हणून तिनं हात पदराखाली घेतले. आता निघाली अब्रू.

वैभवीनं सासूकडे पाहिलं. "मीच खात होती. चोरून. सासूबाईनं कितीदा मना केलं, गोळ्या घे म्हणे. मीच नाही ऐकलं."

बोल ना शामले, बोल! आता नाही तर कधी बोलशील? पण एवढी तोंडाळ बाई, अन् ऐन वेळेला मुकी झाली. शरम वाटत होती, अन् सुटल्यासारखंही वाटत होतं, त्याची तर जास्तच शरम वाटत होती.

"कार्टे, लाज नाही वाटली तुले?" प्रेमलताबाई लेकीवर कडाडली. मग प्रेमलताबाईनं शामलाबाईपुढे हात जोडले. "माफ करा विहीणबाई. तुम्ही एवढं जीव तोडून सांगून राहिल्या, अन् हे पोरगी! हिच्यावर माहा भरोसा नाही राहिला. नातीच्या खाण्यापिण्याचं तुम्हीच पाहा."

शामलाबाईनं मान हलवली. पदराखालचे हात काही बाहेर निघाले नाहीत.