दोन इमारतींमधल्या फटीतला शनी

तुम्हाला बरं वाटावं म्हणून वडिलांनी सांगितलेलं खोटं तुम्ही कधी त्यांच्या तोंडावर पकडलंय? मी पकडलंय. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, आईसमोर.

माझे वडील छापखान्यात होते. आठवडाभर लोकांच्या लग्नपत्रिका छापायचे आणि सुट्टीच्या दिवशी बाजारात उभे राहून स्वतःची पत्रकं वाटायचे. त्यातलं एक शनीवर होतं. शनी कुणाचं वाकडं करत नाही, तो वायूचा गोळा आहे, त्याच्या नावाने तेल ओतू नका, असा मजकूर. वर शनीचं चित्र, टोपीच्या काठासारखी रुंद कडी असलेलं. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. जन्मभर शनीची बाजू घेणाऱ्या या माणसाने शनी मात्र कधी पाहिला नव्हता.

डायबेटिसने त्यांचा डावा डोळा गेला. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "काय पाहायचंय ते लवकर पाहून घ्या."

"शनी," बाबा म्हणाले.

मी दुर्बीण आणली, मोटर आणि कॉम्प्युटर असलेल्या स्टँडसकट. साध्या स्टँडवर ग्रह मिनिटभरात नजरेसमोरून सरकतो, आणि बाबांना भिंगाला डोळा लावायलाच तेवढा वेळ लागायचा. मोटर ग्रहाच्या मागे मागे जात राहते. पण त्या स्टँडला आधी दोन तारे दाखवावे लागतात, एकमेकांपासून चांगले लांबचे. त्यावरून तो बाकीचं आकाश ओळखतो. आमच्या बाल्कनीतून पूर्वेला दोन इमारतींमधली फट दिसते. तेवढंच आकाश. गच्चीला कुलूप, आणि चावी चेअरमनकाकांकडे.

"आत्ता घे की चावी," चेअरमनकाका म्हणाले. "फक्त लिफ्टमधलं तुझं ते पत्रक काढ आणि माफीच्या दोन ओळी लिहून दे."

घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही, असा नियम सोसायटीने केला होता. त्याविरुद्ध मी पत्रक चिकटवलं होतं. एक शब्द मागे घेणार नाही, असं सांगून मी घरी आले.

"लिहून दे गं," बाबा म्हणाले. "दोन ओळींनी काय होतंय?"

"मागे घ्यायचं असेल तर छापूच नये, हे मला कुणी शिकवलं? डोळ्याबरोबर कणाही गेला का तुमचा?"

आईचं पोळ्या लाटणं थांबलं. बाबांनी पेपर डोळ्यासमोर धरला. त्या दिवशी त्यांना पेपरातले मथळे अजून वाचता येत होते.

पुढे तीन आठवडे रोज दिवेलागणीला ते इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत स्टुलावर बसायचे आणि मी झगडायचे. आधी ग्रिलच्या लोखंडामुळे फोनचं होकायंत्र उत्तर दिशा भलतीकडेच दाखवत होतं. मग फटीत दिसणारे दोन तारे दाखवले, ते फारच जवळजवळ होते, तरी स्टँडने होकार दिला, आणि शनी शोध म्हटल्यावर नळी थेट समोरच्या इमारतीवर रोखली.

"अहो ताई, आमच्या किचनमध्ये काय बघताय?" समोरच्या काकू ओरडल्या.

"शनी शोधतोय!" स्टुलावरून बाबा ओरडले. "तुमच्याकडे आलाय का बघा. तेल नका घालू, भजी द्या त्याला!"

चौथ्या आठवड्यात मला कळलं की तारे दिसत नसतील तर एकट्या ग्रहावरही स्टँड जुळवता येतो. माहितीपुस्तिकेत ते पहिल्यापासून छापलेलं होतं. पत्रकांवर वाढलेली मी, ते पान मी वाचलंच नव्हतं. शनी फटीत आल्यावर नळी हाताने त्याच्याकडे वळवली, त्याला मधोमध आणलं आणि बटण दाबलं. मोटर गुणगुणायला लागली.

यंदा शनीची कडी आपल्याकडे कडेने वळलेली होती. गोळ्यातून आडवी सुई आरपार घातल्यासारखी. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं.

बाबांनी डोळा लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"दिसला!" ते म्हणाले. "काय रुंद कडी आहे गं. टोपीचा काठच जणू."

आईने टाळी वाजवली.

"यंदा कडी रुंद नाहीये," मी म्हणाले. "रेघेएवढी आहे. तुम्ही पत्रकातलं चित्र सांगताय. खोटं बोलताय, बाबा."

त्यांनी भिंगावरून डोळा काढला नाही. "मंगळवारपासून काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "तुझी एवढी खटपट चालली होती, म्हणून बोललो नाही."

मला आधी का नाही सांगितलं, म्हणून मी त्यांच्यावर आणखी ओरडले.

"जिंकलीस ना?" आई म्हणाली. "आवर आता हे सगळं."

तिने त्यांना हात धरून उठवलं. जाताना त्यांनी चाचपडत नळीवर हात ठेवला. "मोटर चालू आहे ना अजून? मग तू बघ की. बघ आणि मला सांग."

मी पाहिलं नाही. शनी इमारतीआड गेला, तरी मोटर भिंतीकडे तोंड करून त्याच्या मागे जात राहिली.

माझं पत्रक अजून लिफ्टमध्ये आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी अजूनही जिन्याने चौथ्या मजल्यावर येतात.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात कुणाची नजर जात असेल, तर आजच गच्चीची चावी मागायला जा. त्यासाठी माफीनामा मागितला तर लिहून द्या. दोन ओळी काय, चार लिहा. त्या माणसाला हात धरून वर न्या, त्याचा डोळा भिंगाला लावा, आणि तो काय सांगतो ते गप्प बसून ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रक पुन्हा चिकटवा.