सुगंधाचा फणस

सुगंधा माझी धाकटी जाऊ. तिच्याकडे कुणीही आलं की पाणी नंतर मिळायचं. आधी ती पाहुण्याला थेट स्वयंपाकघरात न्यायची, ओट्यामागच्या भिंतीपुढे उभं करायची आणि म्हणायची, "हात लावून बघा की." मग तो गृहस्थ, विमा विकायला आलेला का असेना, संकोचत हात लावायचा. त्या भिंतीला टाइल्स नव्हत्या. ओट्यापासून वरच्या फडताळापर्यंत उभ्या लाकडी फळ्या होत्या, फणसाच्या, अगदी हळदीच्या रंगाच्या. "आमच्या कुडपनचा फनस हाय," ती सांगायची आणि पाहुणा "वा!" म्हणायचा. मी वरच्या मजल्यावर राहते. ते "वा!" मला जिन्यापर्यंत ऐकू यायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लपवून काय करू, मी तिच्यावर जळायचे. मी थोरली, बी.ए. झालेली, दासगावच्या बऱ्या घरातली. ती पोलादपूरच्या वर, कुडपणच्या सड्यावरून आलेली. नाकात मोठी चमकी आणि तोंडात "हाय" नि "नाय". पण घरात आलेलं माणूस आधी तिच्याकडे वळायचं. सासूबाई जेवायच्या माझ्याकडे आणि चहाला मात्र खाली जायच्या. माझ्या चहात काय माती होती? एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "तसं नाही गं, तिथं बरं वाटतं." यावर माणसानं काय बोलावं!

तो फणस तिच्याकडे कसा आला, ते सांगते. तिचे वडील गेले आणि भावांनी तिला सहीसाठी बोलावलं. आपल्याकडे बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडायचा, जेवायचं, साडी घ्यायची आणि हसत परत यायचं. मीही दासगावला तसंच केलं होतं. सुगंधा गेली, सही केली, पण साडी घेतली नाही. पुढल्या दारचा फणस वादळात आडवा झाला होता आणि भाऊ तो वखारीला देणार होते. ही म्हणाली, "लुगडं नको. ह्यो फनस मला द्या." भावजया हसल्या. इथं आल्यावर मीसुद्धा तिला म्हटलं, "वेडी आहेस का? चांगली पैठणी तरी मागायचीस." तर मला म्हणते, "पैठणी कपाटात राहील गो ताई. फनस मला रोज दिसंल." काही दिवसांनी घाट उतरून टेंपो आला, तोच मुळी कापलेल्या फळ्या घेऊन. दासगावहून मिळालेली माझी साडी तोवर विटून तिचं पायपुसणं झालं होतं.

सुतार आला तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन बसले. आमच्या महाडात पुराचा विचार केल्याशिवाय कुणी खिळा मारत नाही. खालच्या मजल्यावरचे प्लगपॉइंट छातीएवढ्या उंचीवर, आणि ओट्यामागे टाइल्स, कारण पाणी ओसरलं की पाइप मारून धुता येतात. सुतारानं तेच सांगितलं. "वहिनी, लाकूड इथं कुजणार. दोन पावसाळे टिकलं तर नशीब." सुगंधा म्हणाली, "कुजंल कसं? पानी आलं का मी ते उचलून वर नेनार. तुमी फकस्त उचलता येईल असं करा." खिळे नाहीत, गोंद नाही. त्यानं वर आणि खाली खाच पाडलेल्या पट्ट्या बसवल्या. फळी वरच्या खाचेत सारायची, मग खालच्या खाचेत सोडायची. शेगडीमागे तेवढा स्टीलचा पत्रा. शेवटची फळी बसली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता घर झालं." म्हणजे आजवर मी वर काय चालवत होते, धर्मशाळा?

मग मीही हट्टाला पेटले. वरचा माझा ओटा तसाही लांब होता. घर बांधताना खालच्यापेक्षा लांब हवा म्हणून मी भांडून करून घेतला होता. त्याच्यामागे मी लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स लावल्या. गाठीसकट छापलेल्या, थेट पनवेलहून आणलेल्या. पहिल्याच दिवशी शेजारीण आली, तिनं बोटानं टक टक केलं आणि म्हणाली, "अय्या, टाइल्स आहेत होय!" ते "होय" मी अजून विसरलेले नाही.

सुगंधा मात्र रोज रात्रीची भांडी आवरली की फडक्यावर खोबरेल घेऊन फळ्या पुसायची. त्यांच्यावर हळदीचे, फोडणीचे डाग पडायचे. मी नेमकं डागावर बोट ठेवून म्हणायचे, "हे बघ, राहिलंय." ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो. माझी हजेरी हाय ती." आणि पुढे हमखास, "लाकडावर हात फिरवत ऱ्हावं लागतं, नायतर रुसतं." लाकूड कधी रुसतं का? पण तिच्या तोंडून ऐकलं की खरं वाटायचं, हीच तर चीड होती.

एका पावसाळ्यात सावित्री नदी फुगली आणि पुराचा भोंगा झाला. खालच्या मजल्यावरचं सामान वर चढवायला आम्हां महाडकरांना शिकवावं लागत नाही. आधी सिलिंडर, मग धान्य, मग फ्रिज. आमच्या सुगंधाबाई मात्र ओट्यावर चढून फळ्या काढत होत्या! मी जिन्यातून ओरडले, "अगं बये, तांदळाचा डबा राहिला!" तर एक फळी माझ्या खांद्यावर देत म्हणाली, "तांदूळ कुठंबी मिळंल. ह्यो फनस कुठं मिळंल, सांगा?" पाणी घोट्याला लागलं होतं आणि मी, जी त्या फळ्यांवर जळत होते, तीच त्या छातीशी धरून जिना चढत होते. तांदूळ भिजलाच. फळ्यांवर थेंब पडला नाही. मग दरवर्षी तेच: पावसाळ्यात फळ्या माझ्या पुढच्या खोलीत, आणि घट बसायच्या आदल्या दिवशी पुन्हा खाली.

अशाच एका दुपारी सगळे बाहेर होते. मला राहवेना. दोन-तीन फळ्या उचलल्या आणि माझ्या ओट्यामागे टेकवून बघितल्या. काय सांगू, खोलीचा तोंडवळाच बदलला. मी कमरेवर हात ठेवून बघत होते आणि मागून आवाज आला, "लावा की गो ताई! पाऊस हाय तवर लावा." माझे कान तापले. ती हसत पुढे आली, ओटा नजरेनं मोजला आणि म्हणाली, "कमी पडतील पन. तुमचा वटा लांब हाय. उरलेलं दासगावहून आना. माहेर हाय का नाय तुमाला?" ती सहज बोलली. पण मला ते असं झोंबलं, की मी फळ्या जागेवर ठेवल्या आणि तिच्याशी चार दिवस बोलले नाही. कारण फळ्या राहू द्या हो, तिच्याजवळ माहेर होतं. रोज स्वयंपाक करताना समोर दिसणारं, हात लावता येणारं. माझं तिथे काय होतं? मी मागितलंच नव्हतं आणि कुणी दिलंही नव्हतं.

मग तिला पोटाचं दुखणं निघालं. मुंबईला नेलं, उपचार केले आणि परत आणलं. पावसाळा होता, म्हणून तिला वर माझ्याकडेच ठेवलं. तिच्या उशाशी भिंतीला टेकून फळ्या. हात उचलवेना, तशी मला म्हणाली, "फडकं घ्या गो ताई, तेल लावा त्यांना." मी लावलं. ती पडल्या पडल्या बघत होती. "उलटं नको, रेषेबरोबर." मी रेषेबरोबर लावलं. "आता जमतंय," म्हणाली. मला मरणाचा राग आला आणि रडूही आलं. गणपती गेले आणि पाठोपाठ ती गेली. घट बसायचा आदला दिवस आला, पण फळ्या खाली न्यायला कुणी नव्हतं.

दीर म्हणाले, "वहिनी, खाली मी आता टाइल्सच लावतो. फळ्या तुमच्याकडेच असू देत. तिनं तसं सांगून ठेवलंय." इतकी वर्षं ज्यांच्यावर डोळा होता, त्या अशा हातात आल्या. पण त्यात कसलं सुख! तोच सुतार आला. त्यानं माझ्या टाइल्सवरच खाचेच्या पट्ट्या ठोकल्या आणि एकेक फळी सारत गेला. शेवटाला एका फळीची जागा उरली. तिथून माझी छापील टाइल दात काढून हसत होती. सुतार म्हणाला, "वहिनी, वखारीतून एक तुकडा आणतो, रंग देऊ." मी म्हटलं, "थांबा."

दुसऱ्याच दिवशी मी दासगावला गेले. दादाला म्हटलं, "आईच्या मांडणीची एक फळी मला दे." ती मोडलेली मांडणी माळ्यावर पडून होती, मला ठाऊक होतं. दादा बघतच राहिला. "इतकी वर्षं काही मागितलं नाहीस आणि आज मागतेस काय, तर फळी?" माझा आवाज चढला, "मागितलं नाही म्हणून तुम्ही दिलं नाहीत!" बोलून गेले आणि तिथेच पायरीवर बसून रडले. दादा उठला. या वयात शिडी लावून स्वतः माळ्यावर चढला, फळी खाली आणली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तिच्यावर आईच्या तेलाच्या बरणीचा गोल डाग अजून होता.

आता ती शेवटच्या जागेत बसली आहे. आंब्याची आहे, धुरानं काळवंडलेली. शेजारी सुगंधाचा फणस वर्षागणिक तांबूस होत चाललाय आणि असा झळाळतो की येणारं माणूस माझ्या घरात, माझ्या ओट्यापुढे उभं राहून म्हणतं, "या सुगंधाच्या फळ्या ना? वा!" आईच्या फळीकडे कुणाचं लक्षसुद्धा जात नाही. मी रोज भांडी आवरली की फडकं घेते आणि रेषेबरोबर हात फिरवते. तिच्या फळ्यांना लावते तेवढं तेल लावते, नाही असं नाही. पण माझ्या फळीला थोडं जास्तच लावते.